तारांचं पाकीट

एकेकाळी गाजलेल्या रॉक बँडच्या गिटारवाल्याने नातीसाठी तारांचं पाकीट काय घेतलं, दुकानातल्या कुणीतरी फोटो टाकला आणि चाहत्यांनी राईचा पर्वत केला. "बँड पुन्हा एकत्र येतोय!" "नवा अल्बम निघतोय!" एकाने तर म्हणे ड्रम्ससुद्धा ऐकले. "खोटं आहे म्हणून लिहून टाका ना एकदाचं," बायको वैतागली. आजोबांनी लिहिलं, पुसलं, येरझारा घातल्या. तेवढ्यात फोन वाजला. बँडमधून भांडून गेल्यापासून एक शब्दही न बोललेला गायक होता. "लाज नाही वाटत? मला वगळून रेकॉर्डिंग करताय?" खरं सांगायला आजोबांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "वगळून कसलं, गाढवा? तुझ्यावाचूनच अडलंय." पलीकडून प्रश्न आला, "कधी येऊ?" नात तारा चढवायला बसली होती. आजोबांनी तिच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "तुला उद्या दुसऱ्या आणतो."