बावीस पिढ्या आणि एक घोडी

विश्वासराव सुर्व्यांनी खाटेवरूनच बावीस पिढ्यांची वंशावळ उलगडली, ती पार दवाखान्याच्या दारापर्यंत गेली. नवं यकृत उगवायचं तर आईच्या माहेरच्या रक्तातली पेशी लागते, आणि पेशींच्या पेढीत त्या बायकांच्या माहेरच्या नावानेच लावलेल्या असतात, हे त्यांना सकाळीच कळलं होतं.

नर्सने कागद वरून खालपर्यंत पाहिला. "काका, यात तुमच्या खापरपणजोबांच्या घोडीचं नाव आहे. आई कुठंय?"

"लक्ष्मीबाई सुर्वे."

"ते लग्नानंतरचं झालं. आधीचं सांगा, नाहीतर पंधरा दिवस काही तुम्ही काढत नाही."

विश्वासरावांनी बायकोकडे पाहिलं. "अगं, आई तुझ्याशी बोलायची ना? तिचं माहेरचं नाव काय?"

"सांगते," मालिनीबाई म्हणाल्या. "आधी माझं सांगा. लग्नात तांदळात नवं नाव लिहून तुम्हीच पुसलंत ते."

विश्वासरावांनी वंशावळ पुन्हा वरून खाली चाळली. "स... स वरून होतं ना काहीतरी?"

आमटीत झुरळ निघाल्यासारखं तोंड करून मालिनीबाई नर्सकडे वळल्या. "लिहा. द्वारका गणपत बोंद्रे. सासूबाईंचं नाव एकदा तरी कागदावर यावं म्हणून सांगतेय. यांच्यासाठी नाही."