चादरीचं दुसरं टोक

चादरकाकूंनी परत चुकीचं बटण दाबलं. मशीननं हूं की चूं केलं नाही. कपाटाला टेकून उभे असलेले सुपरवायझर मात्र फुस्सकन हसले.

"मास्तरीणबाई, आज शेवटचं हं," ते शिकवणाऱ्या बाईंना म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काकू पास नाही झाल्या, तर उद्यापासून त्यांनी घरीच बसायचं. वरून हुकूम आहे." आणि डबा काखोटीला मारून जेवायला गेले.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवी मशीनं आली होती. इकडून ओली चादर सारायची, तिकडून कडक इस्त्रीची घडी बाहेर. एका मशीनला एकच माणूस. आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या डोक्याला मानवेल असं शिकवायचं, हे बाईंचं काम.

ते त्यांनी असं काही केलं होतं की विचारू नका. ज्यांना बघून समजतं त्यांच्यासाठी भिंतभर चित्रं. त्यातलं लाल बटण एवढं मोठं रंगवलं, की खिडकीबाहेर रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या म्हणे. ज्यांना ऐकून समजतं त्यांच्यासाठी चालीवर बसवलेलं गाणं. ते इस्त्रीवाल्याच्या डोक्यात असं बसलं, की तो झोपेतही 'आधी हिरवं, मग सोडा' म्हणायचा आणि त्याची बायको बिचारी पांघरूण सोडायची. ज्यांचं डोकं हातात असतं त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचं आख्खं मशीन. एक पिंपासारखा गडी त्यात अडकला होता. ओढून काढला तेव्हा पोटावर सरळ घडी पडलेली, ती अजून मोडली नाही म्हणतात.

सगळे पास झाले. काकू तेवढ्या राहिल्या. चित्रं झाली, गाणं झालं, पुठ्ठा झाला. काकू ढिम्म.

शेवटी बाईंनी काकूंपुरती वेगळीच तऱ्हा काढली. काकूंचा जन्म हातानं घड्या घालण्यात गेला होता. मोठी चादर म्हणजे दोघींचं काम. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. झटकायची, ताणायची, मग समोरासमोर चालत येऊन टोकाला टोक. काकूंच्या समोरची बाई लेकीकडे राहायला गेली आणि तिच्या जागी मशीन आलं. तेव्हा बाईंनी ठरवलं, आधी हातानं घडी घालायची, मग तीच घडी मशीनवर दाखवायची. रोज सगळे जेवायला गेले, की त्या स्वतःच समोरचं टोक धरून उभ्या राहायच्या.

"घरी कुणाबरोबर घालता घडी?" काकूंनी एकदा विचारलं होतं.

"हनुवटीबरोबर. एकटीच्या पलंगाची चादर ती. एक टोक हनुवटीखाली दाबलं की झालं."

काकू हसल्या नाहीत. टोक हातात देताना त्यांची बोटं जरा जास्त वेळ थांबली, एवढंच. बाईंना आठवेना, याआधी आपल्याला कुणाचा हात कधी लागला होता.

आजही दोघींनी चादर ताणली. तेवढ्यात शेजारून जळका वास आला. इस्त्रीवाला मशीन चालू ठेवूनच जेवायला गेला होता आणि मशीननं चादर गिळली होती. बाई वळेपर्यंत काकू तिथे पोचल्यासुद्धा. लाल बटण दाबलं, रूळ उलटा फिरवला, चादर सोडवली, झाकण लावलं, हिरवं दाबलं. आणि हे सगळं बाईंचं गाणं गुणगुणत.

बाई बघतच राहिल्या.

"काकू, तुम्हाला तर सगळं येतंय."

"येतं की. पुठ्ठ्याच्या आधीपासून येतं."

"मग हे काय चाललंय? नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. घरी कुणी नाही, मशीनपाशी कुणी नाही. इथं बसले काय नि तिथं उभी राहिले काय." काकूंनी खाली पडलेलं चादरीचं टोक उचललं. "मी पास झाले की तुम्ही चालल्या दुसऱ्या लाँड्रीत. आणि मशीन काही समोरून चालत येत नाही, मास्तरीणबाई."

बाईंच्या मनात आलं, आणखी एक दिवस मागून घ्यावा. म्हणावं, काकूंसाठी अजून एक तऱ्हा शोधतेय. उद्याची दुपार तरी मिळेल. पण नोकरी काकूंची जाणार होती, आपली नव्हे.

सुपरवायझर दात कोरत परत आले. "काय मग?"

"पास," बाई म्हणाल्या.

काकूंचा चेहरा पडला. सुपरवायझरना वाटलं, आनंदानं वाचा गेली.

बाईंनी भिंतीवरची चित्रं उतरवली, गुंडाळी केली, पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"काकू, रविवारी जरा घरी येता का? चादरींचा ढीग पडलाय. चांगल्या मोठ्या मोठ्या आहेत. एकटीनं होत नाही."

काकूंनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "हनुवटी दुखायला लागली वाटतं."

"फार."

"येते. पण नीट ताणून धरायचं. तुम्ही टोक ढिलं सोडता."

बाई सुटल्या त्या थेट बाजारात, चादरींच्या दुकानात. सगळ्यात मोठ्या कुठल्या त्या दाखवा म्हणाल्या आणि होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या. आता घरी जाऊन भिजवायला हव्या होत्या, नाहीतर काकूंच्या हाताला नवेपणा कळला असता.

दुकानदार ढीग बांधता बांधता म्हणाला, "घरात माणसं बरीच दिसतात."

"रविवारी दोन," बाई म्हणाल्या.