दहा युरोची नोट

पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली तशी सोनाक्काच्या बोटात सुई घुसली. पाकीट लिस्बनचंच होतं, चार महिन्यांनी आलेलं.

नऊ वर्षं ती तिथल्या एका बाईला चिंध्या शिवलेली कार्डं पाठवायची, तिकडून रंगवलेली कार्डं यायची; सून या देवाणघेवाणीला टपालकला म्हणायची. बाईची नोकरी गेल्याचं सुनेनं वाचून दाखवलं, तेव्हा सोनाक्कानं भाच्याकडून दहा युरोची नोट मागवून कार्डासोबत घातली.

“आत्याबाई, टपालकलेत पैसा चालत नाही,” सून तेव्हाच ओरडली होती. “कार्डाला कार्ड द्यायचं, बस्स. तिला भीक वाटेल ती.”

“मग उपाशी बाईनं काय चित्रं चाटायची?” सोनाक्कानं सुनावलं होतं. पण उत्तर येईना, तसा तिचा जीव टांगणीला लागला. माझ्या आगाऊपणानं मैत्रीण तुटली की काय?

सुनेनं पाकीट फोडलं. “बघा, नोट परत आली.”

सोनाक्कानं कार्ड ओढून घेतलं. नोट त्यावर चारी बाजूंनी शिवून टाकली होती, वेड्यावाकड्या टाक्यांनी. खाली एक ओळ होती.

“‘तुझ्यासारखं शिवायला शिकतेय. जमलंय का?’” सुनेनं वाचलं.

सोनाक्कानं डोळे पुसले. “भिकार जमलंय! सुईत दोरा ओव. दाखवते सटवीला.”