चुकामूक

चंदीगडच्या प्रयोगशाळेतला माधव दामले त्र्याहत्तर साली कामासाठी जावा बेटावर गेला. सुट्टीच्या दिवशी तिथला ज्वालामुखी चढायला म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. पुष्कळ शोधलं, काही हाती लागलं नाही. तीन वर्षं झाली तरी त्याचे वडील, बाळकृष्णपंत, दिवसकार्य करू देईनात. "कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?" एवढंच म्हणत. शेवटी माधवच्या बायकोने, कांचनने, रजा काढली आणि ती स्वतःच तो डोंगर चढून आली.

क्वार्टरमध्ये तिने पाऊल ठेवताच सासरे समोर येऊन उभे राहिले.

"पार तोंडापर्यंत गेले होते, मामंजी," ती म्हणाली. "गंधकाने डोळे उघडेनात, तरी वाकून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा यांना नावाने हाक मारली. घसा बसेपर्यंत मारली."

"ओ दिली त्याने?"

"नाही. तिथे कोणी नाही, मामंजी. आता आपण मानायला हवं."

बाळकृष्णपंतांनी डोळे मिटले. तिला वाटलं, आता हे रडतील आणि एकदाचं सगळं संपेल. पण त्यांचा चेहरा हळूहळू निवळला.

"तिथे नाही ना? मग निघाला असेल तो," असं म्हणून ते त्याची खोली झाडायला गेले.

त्यांना समजवायला कांचन मागोमाग उठली. शब्द ओठांवर आलेही. पण दारातच तिचे पाय थबकले. उतरताना धुकं फार दाट होतं. आपली वाटेत चुकामूक तर झाली नसेल?