पाहुणी पुढे आहे

त्या एका मोठ्या संगणकाच्या पोटात बारा आभासी संगणक चालत. मोठा तो यजमान, आतले सारे पाहुणे. पाहुण्यांनी यजमानाच्या घड्याळाप्रमाणे चालायचं, एवढाच नियम. अकरा जण तो पाळत. बाराव्याला ऑफिसात सगळे पाहुणी म्हणत, कारण तो इंजिनियरबाईंनी उभा केला होता. ही पाहुणी दुपारपासून पाच मिनिटं पुढे होती.

बाईंनी तिचं घड्याळ मागे घेऊन यजमानाशी जुळवलं. पाहता पाहता ते पुन्हा पुढे गेलं, आता दहा मिनिटं.

"तुमच्याच हातची ना," पलीकडच्या टेबलावरून साहेब हसले. "तुमच्यासारखीच घाईची."

"घाई नाही करणार तर काय! शाळा सुटायला आली आणि मी अजून इथेच."

त्यांनी तिसऱ्यांदा जुळवलं. आकडे क्षणभर थांबले, मग वीस मिनिटं पुढे जाऊन शांतपणे चालू लागले. पाहुणीच्या घड्याळात बाई केव्हाच शाळेत पोचायला हव्या होत्या.

भिंतीवरच्या घड्याळात शाळा आत्ता सुटली. बाईंनी पर्स उचलली आणि लेकीला फोन लावला.

"सोने, फाटकातच थांब. निघालेच मी."

"फोन कशाला करतेस गं आई?" लेकीला धाप लागली होती. "माझ्यापुढेच तर चालतेयस."

फोनमध्ये चपलांचा आवाज येत होता, भरभर. लेकीच्या पायात तर शाळेचे बूट होते.

"सोने, ऐक. आहेस तिथेच उभी राहा."

"तूच थांब ना! किती पुढे पळतेस! एकदा तरी मागे वळून बघ."

चपलांचा आवाज थांबला.