मुद्दाम गाळलेला ठोकळा

“फक्त बघते गं ताई,” म्हणत धाकटीनं पहिलीच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे माझे धडे पेनड्राइव्हवर नेले होते. आज तिच्या क्लासच्या उद्घाटनाला मी हौसेनं सूचना लिहिलेले पुठ्ठ्याचे ठोकळे कापून नेले, तर पडद्यावर माझाच धडा, खाली नाव तिचं! शेवटच्या खुर्चीत मटकन बसले. तिनं बटण दाबलं. धड्यातली मांजर दहा पावलं चालून भिंतीवर आपटली. पुन्हा आपटली. पालक हसले, धाकटीला घाम फुटला. प्रत्येक धड्यात मी सूचनेचा एक ठोकळा मुद्दाम गाळते. तो शोधतानाच पोरं शिकतात. हे कळायला माझ्या वर्गात बसावं लागतं, नुसतं उचलून भागत नाही. “ताई, ये ना!” ती माईकवरून म्हणाली, लहानपणी गणित अडलं की म्हणायची तस्सं. गाळलेला ‘उजवीकडे वळा’ ठोकळा माझ्या पिशवीत वरच होता. मी पिशवीला गाठ मारली.