मंजुळाची मांजरी

तारोडीच्या मंजुळाच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. ती घरीच डायलिसिस करायची. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं. एके सकाळी बाहेर आलेलं पाणी गढूळ निघालं आणि पोटदुखीनं ती कळवळली. हॉस्पिटलात तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात मांजर आहे का? हा जंतू आम्हाला क्वचितच दिसतो. तो मांजराच्या तोंडात असतो. नळी चावलेली दिसतेय."

औषधांनी मंजुळा बरी झाली. ती घरी आली त्याच दिवशी सिल्व्हर पार्क सोसायटीत राहणारा तिचा मुलगा धर्मेश गोणी घेऊन दारात उभा राहिला.

"आये, मी ह्या मांजरीला लांब सोडून येतोय. जीव गेला असता तुझा!"

"ठेव ती गोणी खाली," मंजुळा कडाडली. "पोट माजं हाय, घर माजं हाय. ती जायाची न्हाय. आन् मीपन इतक्यात मरायची न्हाय."

"एका मांजरीपायी एवढा हट्ट?"

"पाणी काढलंस का, म्हणून तू फोनवर इचारतोस. ती जवळ येऊन बसते. तू बसतोस?"

धर्मेशनं गोणी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो सुताराला घेऊन आला आणि आईच्या खोलीला दार बसवून घेतलं. आता कामावरून तो थेट तारोडीला येतो. मंजुळा दार लावून आत पिशवी बदलते आणि बाहेर धर्मेश, हातभर ओरखडे सोसत, मांजरीला मांडीवर धरून बसतो.